एकच नाव दोनदा

सोमवार, ४ मार्च
जावास्क्रिप्ट या संगणकभाषेसाठी लेकीने मांडलेला प्रस्ताव पुढच्या सोमवारी भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीसमोर. रुग्णाच्या नोंदीतून वजन उचलायचं तर आता आपण लिहितो — वजन: रुग्ण.वजन. तिचं म्हणणं, नुसतं रुग्ण.वजन लिहा, डावीकडचं नाव भाषा आपणहून घेईल. दोन वर्षं खपते आहे त्यावर. माझा विरोध. आठ पानी आक्षेप माझ्या नावानिशी समितीकडे गेला आहे. मुलाहिजा ठेवलेला नाही.

फोनवर म्हणाली, "सगळं जग सोडून घरचीच आडवी आली."

"दोनदा लिहिताना माणूस दोनदा विचार करतो," मी म्हटलं.

"आई, तू भाजीची यादीसुद्धा दोनदा लिहितेस."

लिहिते. म्हणून काही विसरत नाही.

मंगळवार, ५ मार्च
आळसाला सोय म्हणायची फॅशन आहे. बस.

बुधवार, ६ मार्च
दवाखान्यातून परिचारिकेचा फोन. आम्ही त्यांच्यासाठी बनवलेल्या नव्या स्क्रीनवर सहा वर्षांच्या मुलीचं वजन सहा किलो! "बाई, पोर समोर उभी आहे, चांगली धडधाकट. काट्यावर उभी केली, एकोणीस भरली." त्या आकड्यावरून औषधाची मात्रा निघते. तिने डोळे उघडे ठेवले म्हणून निभावलं.

फाइल उघडली. वजन: रुग्ण.वय. वरची वयाची ओळ उतरवून घेतलेली, डावीकडचं नाव बदललेलं, उजवीकडचं तसंच राहिलेलं. तिथे येणारे बहुतेक साठीचे, त्यांचं वजनही साठच्या आसपास — महिनाभर कोणाला शंका आली नाही.

ओळ कोणाची ते पाहिलं. माझी.

दुरुस्त केली. दवाखान्याला लेखी कळवलं, महिन्याभराच्या सगळ्या मात्रा तपासायला लावल्या.

लेकीच्या पद्धतीत नाव एकदाच लिहायचं; ही चूक करताच आली नसती.

गुरुवार, ७ मार्च
आक्षेप मागे घेत असल्याचं पत्र समितीसाठी लिहिलं. ती ओळ जशीच्या तशी आत घातली. दुपारी तयार होतं. पाठवलं नाही. एकतीस वर्षं इतरांच्या चुका काढल्या, आता समिती माझी वाचणार — हात आखडला. उद्या ताज्या डोळ्यांनी पुन्हा वाचू, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवार, ८ मार्च
सकाळी लेकीचा फोन. प्रस्ताव तिने काल संध्याकाळी मागे घेतला. "तुझी आठ पानं परत वाचली, आई. पटलं मला."

पत्र अजून माझ्याकडेच आहे.