ओट्यापाशी सांगितलेली किडनी

आई, तुझ्या नातीचं मेडिकल थोडक्यात हुकलं. तू गेलीस तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, म्हणून आधी एवढं सांगते की पोरगी हुशार आहे. पुन्हा परीक्षेला बसणार म्हणते, पण या खेपेला नाही जमलं तर पुस्तकं कायमची गुंडाळणार, असंही म्हणते. आणि बोलते तसं करते, तुझ्यावरच गेलीय. म्हणून मी पदर खोचलाय.

आता शिकवण्या फोनवर असतात. गेल्या वर्षी ज्यानं जे सुचवलं ते तिनं घेतलं. एका ठिकाणी हिंदीत विनोद करत शिकवणारे सर, दुसरीकडे हलती रंगीत चित्रं, तिसरीकडे आणखी कोणी. सगळं दुप्पट वेगानं बघायची आणि लक्षात काही राहायचं नाही. यंदा मी बजावलं, एकच निवडायचं, बाकीची फोनवरून काढून टाकायची. हे म्हणाले, "ज्याचं नाव मोठं ते घ्या की." मी म्हटलं, नाव परीक्षेला बसणार नाही. पण निवडायचं कसं, ते मलाही कळेना. मग तू आठवलीस.

हुणसूरचं आपलं स्वयंपाकघर. मी शाळेतून येते, तू रोटी थापत असतेस. दप्तर खाली ठेवायच्या आत तुझं सुरू, "आज काय शिकवलं? हेळु, सांग बघू." मी झाडं अन्न कसं तयार करतात ते घडाघडा म्हणून दाखवते. तू मान हलवतेस, "अर्थ आगलिल्ला, नाही कळलं. परत सांग." मला असा राग यायचा! तुला काहीच कळत नाही म्हणून मी पाय आपटायचे, तू निवांत रोटी उलटायचीस. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत पुस्तकातले शब्द गळून जायचे आणि आपल्या घरच्या अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडीत सगळं सरळ बाहेर यायचं. ते मी आजवर विसरलेले नाही.

तेच केलं. इथल्या गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींचा नाश्ता मी घरून करून देते. सकाळी ते डबे गेले की ओटा मोकळा होतो. तिला म्हटलं, किडनीचा एकच धडा तिन्हीकडे बघ, रोज एकीकडचा, आणि मग फोन पालथा घालून मला इथं सांग. पहिल्या दिवशी सरांचे सगळे विनोद आठवले, हसून हसून सांगितले, आणि किडनीपाशी आल्यावर गाडं अडलं. दुसऱ्या दिवशी नुसतेच हातवारे, "अशी निळी नळी येते, मग ती वळते, आमेले... मग..." पुढे शब्दच नाहीत. तिसरी एक बाई. तिचा चेहरासुद्धा दिसत नाही, कागदावर पेन्सिल धरलेला हात तेवढा दिसतो, इंग्रजी-कानडीत सावकाश बोलते. बघताना आमची पोरगी जांभया देत होती. मी म्हटलं, हेही गेलं. पण ओट्यापाशी येऊन म्हणते, "अम्मा, रक्त आधी गाळून घेते, अल्वा? बारीक बारीक सगळंच खाली जातं. मग बॉडी म्हणते, अय्यो, यात कामाचं पण गेलं की. ते परत ओढून घेते, आणि उरलं ते बाहेर."

मी शांतपणे म्हटलं, "अर्थ आगलिल्ला. परत सांग."

"अम्मा, तुला काहीच कसं कळत नाही?" म्हणून चिडली. पण ओट्यावर तांदळाचं पीठ सांडलं होतं, त्यात बोटानं नळी काढून पुन्हा सांगितलं. मग पीठ पुसून तिसऱ्यांदा, कुठंही न अडता. बाकीची दोन्ही तिनं आपल्या हातानं काढून टाकली. हे मोठ्या नावाचं काही बोलायला लागले तर म्हणाली, "मला सांगता येतंय नं, साकु. तेवढं पुरे."

आता परीक्षेपर्यंत रोज सकाळी ओट्यापाशी एक धडा. ताप आला तरी, पाहुणे आले तरी. ती कंटाळेल, माझ्यावर ओरडेल, ओरडू दे. मी हटणार नाही.

हा कागद तुला धाडणार कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र तुलाच सांगते. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तिला मी ते सांगितलेलं नाही. तूही मला कधी सांगितलं नाहीस.