चुन्याचा क्रूस

सान होआकिन दे ला लोमा, ओआहाका
१८ जून १९७१

ती. एर्मिनिया मावशीस,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

मी आठ दिवसांत रडत परत येईन अशी पैज लावली होतीस ना? दहा झाले. पैज हरलीस, आता गपचूप मान्य कर.

इथे मला सगळे ग्रिंगा म्हणतात, जणू मी गोरी अमेरिकन. मी, ओतिलिया साल्दिव्हार, तुझ्याइतकीच सावळी! पण माझं टेक्सासचं स्पॅनिश ऐकलं की बायका शाल तोंडाला लावून हसतात. प्रार्थना सांगणारे वुलफ्रानो आजोबा तर म्हणाले, की पोरी, तू बोलतेस ते कळतं, पण घसा दुखत असल्यासारखं वाटतं. चर्चची आम्ही अकरा जणं शाळेत झोपतो. मुलगे संडासांचे खड्डे खणतात. आम्ही मुली घरोघर जंताच्या गोळ्या देतो, पाणी उकळून प्या म्हणून सांगतो आणि चुना टाकतो. खड्ड्यात चुना, विहिरीभोवती चुना, भिंतीला चुना. माझ्या केसांतसुद्धा चुना आहे.

परवा एक चांगलं काम केलं ते सांगते. टेकडीजवळ दोन्या मार्सियाना म्हणून एक विधवा राहते. तिची एकुलती एक मुलगी देल्फिना, चौदा वर्षांची, गेल्या शुक्रवारी तापाने गेली. आम्ही येऊन तीनच दिवस झाले होते. मी गेले तेव्हा बाई पाण्याला गेली होती. घराची अवस्था काय सांगू! सुकलेली फुलं, मेणबत्त्यांची बुडं, आणि मधोमध जमिनीवर सांडलेला चुना. म्हटलं, बिचारीला झाडायचंही भान नाही. मी सगळं लख्ख झाडून काढलं, ओढ्यात टाकलं, वर पाणी शिंपडलं. ती आली आणि दारातच थांबली.  मग खाली बसली आणि ओल्या जमिनीवर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

पण त्या दिवसापासून मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात. आमच्याबरोबर आलेले फादर म्हणतात, गावात मयत झालंय, असं होतंच. तुला काय वाटतं?

तुझ्या हातच्या जेवणाची आठवण काढत,
तुझी ओतिलिया

सान अँटोनियो
२९ जून १९७१

चि. ओतिलियास,
मावशीचे अ. आ.

अगं मुली, हे काय करून बसलीस! पत्र वाचता वाचता चूल तशीच जळत राहिली आणि घेवडा करपला.

तो सांडलेला चुना नव्हता गं. तो क्रूस होता. आमच्याकडे माणूस गेलं, की जिथे त्याला ठेवलेलं असतं तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात. नऊ संध्याकाळी त्याच्याभोवती जपमाळ म्हणतात. तोवर गेलेल्याचा जीव त्या चुन्यात असतो. नवव्या दिवशी, त्यासाठी नेमलेली धर्मआई तो क्रूस उचलते. आधी डोकं, मग हात, मग पाय. तो डब्यात भरून थडग्यात पुरतात, तेव्हा कुठे जीव मोकळा होतो. आणि तू पाचव्या दिवशी त्या पोरीला झाडूने ओढ्यात ढकलून दिलंस. उचलल्याशिवाय जाता येत नाही, आणि पडून राहायला जागा नाही. आता ती घरात नुसती फिरत असणार.

तुझी चूक नाही, माझी आहे. तू इथली व्हावीस, कुणी तुला हसू नये, म्हणून गावाकडचं काही म्हणून तुझ्या कानावर पडू दिलं नाही. घे, आता निस्तर एर्मिनिया.

नीट ऐक. फादरला विचारत बसू नकोस, तो भला माणूस आहे पण विस्कॉन्सिनचा आहे, त्याला यातलं काय ठाऊक. त्या बाईपुढे गुडघे टेकून माफी माग. वुलफ्रानो आजोबांना सांगून नवा क्रूस काढून घे, नऊच्या नऊ दिवस बस, आणि तिने होकार दिला तर धर्मआई तू हो. ज्याने मोडलं त्यानेच उचलायचं. हे पुरं केल्याशिवाय तिथून पाय काढलास तर मला तोंड दाखवू नकोस.

रागावले तरी तुझीच,
एर्मिनिया मावशी

सान होआकिन
१३ जुलै १९७१

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र शनिवारी मिळालं.  वाचून तशीच टेकडीवर गेले आणि गुडघे टेकले.

मावशी, ती माझ्यावर रागावलेली नाही. तिने मला उठवलं, माझ्या गुडघ्यांची माती झटकली, आणि नवा क्रूस काढायला साफ नाही म्हणाली. म्हणाली, की आणखी चार दिवसांनी क्रूस उचलून गावकरी माझ्या लेकीला घेऊन जाणार होते, तू तिला माझ्याकडे ठेवलंस. तिने माझे हात हातात घेऊन आभार मानले. आभार! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता मी रोज दुपारी जाते. ती पानं दोन मांडते. देल्फिना पहाटे पाट्यावर मका वाटते, आपल्याला ऐकू येतं, असं सांगते. मी मान डोलावते. पण काल काय झालं ते कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी एकटी आत बसले होते, बाई अंगणात. माझ्या पाठीमागे कुणीतरी केस विंचरत होतं. ओल्या केसांतून फणी ओढल्याचा आवाज, सावकाश, गाठ आली की थांबायचा. मला मागे वळून बघवेना. बाई आत आली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून हसली.

आणि बाई वाळत चाललीय. अर्धी पोळी खाते, उरलेली त्या पानावर ठेवते. शेतात जात नाही, मक्यापेक्षा तण उंच झालंय. शेजारणी विस्तव मागायलाही येत नाहीत. वुलफ्रानो आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, की अडकलेला जीव वाईट नसतो, पण एकटा जात नाही, जाताना कुणाला तरी नेतो. पावसाळा संपायच्या आत टेकडीवर दुसरं मयत होईल, असं सगळं गाव धरून चाललंय. आणि ते माझ्यामुळे, मावशी.

आमचा ट्रक सात ऑगस्टला निघतो. नऊ दिवस धरले तर एकोणतीस जुलैला क्रूस काढायलाच हवा. ती ऐकत नाही. मी काय सांगू तिला? लवकर लिही.

घाबरलेली,
ओतिलिया

सान अँटोनियो
२० जुलै १९७१

चि. ओतिलियास अ. आ.

हे पत्र तातडीने धाडते आहे. त्या बाईला वाचून दाखव. अडखळलीस तरी चालेल, पण काही गाळू नकोस.

तुला सांगितलं होतं ना, की तुझ्या आईचं सगळं यथासांग झालं? खोटं होतं ते. ती इस्पितळात वारली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मी घरी चुना आणला होता. पण घरमालकीण दारात उभी राहिली, म्हणाली की माझ्या लाकडी जमिनीवर हे असले प्रकार चालणार नाहीत. मी भांडू शकले असते. भांडले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, बहीण राहील माझ्याजवळ.

राहिली. चौदा वर्षं राहिली आहे. मी स्वयंपाकघरात पुटपुटत असते, त्यावरून तू मला चिडवतेस, ते तिच्याशी. पहिले सहा महिने मलाही त्या बाईसारखंच सुख वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं. ओतिलिया, ती माणसं आपल्याकडे बघत नाहीत गं. आपण बोलतो, वाढतो, हाक मारतो, आणि ती सारखी दाराकडे बघत असतात. बसत नाहीत, टेकत नाहीत. आगगाडीची वेळ झालेल्या माणसाला आपण गप्पांत अडकवून ठेवावं, तसं करतो आपण त्यांना. मी चौदा वर्षं माझ्या पाठच्या बहिणीला उभं ठेवलंय. आता सोडायचं म्हटलं तरी हिंमत होत नाही.

तिला एवढंच विचार, की देल्फिना कुठे बघते.

तुझी आई मी लपवून ठेवली, त्याची माफी समोर आलीस की मागेन.

तुझी अभागी
एर्मिनिया मावशी

ओआहाका, बस अड्डा
८ ऑगस्ट १९७१

ती. मावशीस सा. न.

झालं. क्रूस उचलला.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं, अगदी आदल्या दिवशी. मी तिला वाचून दाखवलं. आईबद्दलचं मलाही तेव्हाच कळत होतं, म्हणून दोनदा थांबावं लागलं. तुझ्यावर चिडायचं आहे, पण ते घरी येऊन. मी शेवटचा प्रश्न विचारला, तर बाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, की तीही दाराकडेच बघते. पहिल्या दिवसापासून. एवढं बोलून ती जी रडली मावशी, मुलीच्या मयताला रडली नव्हती म्हणे इतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी चुना तिनेच भिजवला.

नऊ संध्याकाळी आम्ही बसलो. पहिल्या दिवशी चौघी होतो, शेवटच्या दिवशी अंगणात जागा नव्हती. ज्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांनीच मला कुठे बसायचं, कधी उठायचं ते शिकवलं, आणि माझ्या उच्चारांवर पुन्हा हसल्या. नवव्या दिवशी मी डोकं उचललं, मग हात. पायापाशी आल्यावर बाईने त्यावर तळवा ठेवला आणि काढेना. सगळे थांबले. वुलफ्रानो आजोबांनी तीच प्रार्थना तीनदा म्हटली.  मी तिचा हात धरला आणि तोंडातून निघून गेलं, की चल देल्फिना, चल माझ्याबरोबर. आजोबांनी माझ्याकडे एकदा चमकून पाहिलं, पण पुढे म्हणत राहिले. बाईने हात काढला. आम्ही डबा नेऊन पुरला.

काल ट्रक निघताना ती आली. मला पानात बांधून उकडलेले मक्याचे तामाले दिले. आम्ही सगळे हात हलवत होतो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. फादर म्हणाले, दमलीय बिचारी.

मला फार झोप येतेय. भेटीअंती बोलू.

तुझीच,
ओतिलिया

सान होआकिन दे ला लोमा
५ सप्टेंबर १९७१

कोमाद्रे ओतिलिया हीस,
मार्सियानाचा नमस्कार. मला लिहिता येत नाही, शाळेच्या बाई लिहून देताहेत. माझ्या लेकीची धर्मआई झालीस, म्हणून तू माझी कोमाद्रे. वयाने लहान असलीस म्हणून काय झालं.

मी जेवते. तण काढलं, कणसं बरी धरलीत. शेजारणी विस्तव न्यायला येतात आणि तासभर उठत नाहीत. घर शांत झालंय. इतकं, की चूल फुंकली तरी दचकायला होतं.

आता खरं कारण. मी रोज कबरीवर जाऊन बसते. कोमाद्रे, ती तिथे नाही. आईला कळतं. घरातही नाही. तू तिला म्हणालीस ना, चल माझ्याबरोबर, म्हणून ती आली. वुलफ्रानो म्हणतात, असं बोलायचं नसतं, देवाबरोबर जा असं म्हणायचं असतं. ते तुला कुठून ठाऊक असणार! मी रागावलेली नाही. पोरीला उत्तरेकडे जायची भारी हौस होती. कागदपत्रं नाहीत तिच्याकडे, पण तिला कोण अडवणार.

फक्त एक कर. वाट लांबची, आणि तिने बाजाराच्या गावापलीकडे काही पाहिलेलं नाही. ती तुझ्याजवळ आहे की वाटेतच कुठे राहिली, एवढं मला कळव. खोटं लिहू नकोस. मी इथे त्याच्याच आशेवर बसले आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
मार्सियाना

सान अँटोनियो
१९ सप्टेंबर १९७१

कोमाद्रे मार्सियाना यांस,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मावशीने आणि मी मिळून वाचलं. मावशी म्हणाली, की एका आईच्या जिवाला बरं वाटावं म्हणून काय हवं ते लिही, देव एवढं माफ करील. मी खोटंच लिहिणार होते. पण लिहायला बसले आणि एक गोष्ट आठवली, जी मी मावशीलाही सांगितलेली नव्हती.

लारेडोला सरहद्दीच्या पुलावर आमची रांग एकेक करून पुढे जात होती. माझा नंबर आला. तपासणीच्या साहेबाने मान वर न करता विचारलं, की किती जणी. मी काही विचार केला नाही. दोघी, म्हटलं. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या डाव्या बाजूला पाहिलं. आणि कोमाद्रे, त्याने काही विचारलं नाही. जरा सरकून दोघींना पुरेल एवढी वाट करून दिली.

देल्फिना सुखरूप पोचली. काळजी नसावी.

आपली,
ओतिलिया