चांदीच्या पाण्याने अंगाचा रंग बदलतो काय, याचे उशिरा दिलेले उत्तर

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
वाई, जि. सातारा.

विषय : रोज चांदीचे पाणी प्यायल्याने अंगाचा रंग बदलतो काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर देणेबाबत, तसेच येत्या रविवारचे मोफत वाटप थांबविणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. १९ ऑगस्ट २०२५ (उत्तराची मुदत आठ दिवस).

महोदय,

१. वरील पत्र मला वेळेवर मिळाले. ते मी वाचून घडी घातले आणि चष्म्याच्या घरात ठेवले, त्यामुळे तेव्हापासून दिवसातून चार वेळा ते माझ्या हाती येते. उत्तर मात्र दिले नाही. तीन वेळा लिहिले, तिन्ही वेळा पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत आणले. उत्तर बरोबर आहे की नाही याची मला खात्री नव्हती. आता खात्री झाली आहे. उत्तर "होय" असे आहे.

२. मी, चिंतामण विष्णू थत्ते, वय ७८, येथील एका वाचनालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. गेल्या वर्षी, सप्टेंबरात, घरगुती औषधांचे एक जुने पुस्तक चाळताना त्यात चांदीच्या पाण्याची कृती सापडली. खाली लिहिले होते : "नित्य सेवन केल्यास अंगकांती चंद्रासारखी उजळते व उतारवयात उत्साह राहतो." बाळाचे उष्टावण आपण चांदीच्या वाटीत करतो, बाळाला जे सोसते ते म्हाताऱ्याला का सोसू नये, असा मी विचार केला. चांदीच्या दोन पट्ट्या आणि बॅटरी लावून पाणी करू लागलो व चौदा महिने रोज सकाळी वाटीभर प्यालो.

३. रंग कधी बदलला ते मला कळले नाही. मी आरशात फारसा पाहत नाही. प्रथम मंडईत भाजीवाल्या रंगुबाईंनी विचारले, "आवं आप्पा, तुमी कुठं निळीच्या बादलीत पडला व्हय?" मी लाजून मेथी न घेताच घरी आलो. माझी पत्नी गोदावरी म्हणाली, "मला वाटलं, खोलीतला दिवा बिघडलाय. म्हणून दोनदा बदलला." तोंड, कान, हात आणि नखे, म्हणजे उन्हात राहणारा सर्व भाग, तोवर पाटीच्या दगडासारखा झाला होता.

४. हे माझ्यापुरते राहिले असते तर मी आपणांस तसदी दिली नसती. परंतु येथील सायंफेरी ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार शंभूराज माने, यांनी मला घाटावर पाहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "चिंतामणराव, ह्ये तेज हाय तेज! लय शरमू नका, सांगा काय खाताय." मी हळू आवाजात खरे सांगितले. हळू बोललेले लोक फार लक्ष देऊन ऐकतात, हे मला ठाऊक नव्हते. सुभेदारांनी पुस्तकाच्या त्या पानाची झेरॉक्स काढून तिला प्लॅस्टिकचे आवरण घातले. मंडळातील सव्वीस जण जूनपासून हे पाणी पीत आहेत; आपले पत्र मला आले ते बहुधा त्यामुळेच. त्यांचा रंग अजून बदललेला नाही, याबद्दल त्यांच्यात नाराजी आहे व ते मात्रा वाढवू इच्छितात. येत्या रविवारी, २३ तारखेस, मंडळाचा वर्धापनदिन आहे. त्या दिवशी सभासदांना मोफत बाटल्या आणि त्यांच्या नातवंडांना चांदीच्या वाटीतून हेच पाणी देण्याचे ठरले आहे. पहिली वाटी माझ्या हस्ते आहे.

५. मुले पिणार हे कळल्यावर मी घाबरून मिरजेस गेलो. तेथील एका दवाखान्यातील त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी मला पाहताच अकरा विद्यार्थ्यांना बोलावले. आयुष्यात इतक्या लोकांनी एका वेळी माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, की चांदी कातडीत जाऊन बसली आहे, पाणी आजच बंद करा. आलेला रंग जाणार नाही, उन्हात फिरलात तर आणखी गडद होईल.

तेथून मी तानपुरे करणारे माझे जुने मित्र मौलाभाई यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "चिंतामणराव, पॉलिश लय चढलंय बघा. उतरवायला गेलो तर लाकूड जाईल." त्यांच्या दुकानात एका भोपळ्याखाली, तो डुगडुगू नये म्हणून, तेच पुस्तक ठेवलेले होते. ती प्रत अखंड होती. मी ते पान उघडले. तेथे असे छापले होते : "नित्य सेवन केल्यास अंगकांती निळसर करडी पडते व मग कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. सबब हे पाणी पोटात घेऊ नये."

६. आता जे लिहितो ते लिहिणे सर्वांत अवघड आहे. आमच्या वाचनालयाच्या प्रतीत "अंगकांती" या शब्दापुढच्या ओळी कसरीने खाल्ल्या होत्या. पुस्तकांची खाल्लेली पाने दुसऱ्या प्रतीवरून भरून काढणे हे माझे काम होते. पातळ कागद चिकटवून, बारीक टाकाने, छापील वाटेल असे अक्षर मी काढत असे. या पुस्तकाची दुसरी प्रत तेव्हा मिळाली नाही. भोक तसेच सोडणे मला बरे वाटेना. म्हणून तीस वर्षांपूर्वी मी तेथे मनाने एक ओळ घातली, आणि विसरलो. गेल्या वर्षी ती वाचली आणि खरी मानली. मिरजेहून परतल्यावर भिंग घेऊन पाहिले. "उजळते" मधील ळ माझा आहे.

७. हे मी सुभेदारांना सांगण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "असा तेजस्वी माणूस स्वतःवरच शंका घेतोय, यालाच नम्रता म्हणत्यात." त्यांच्या आवाजापुढे माझा आवाज टिकत नाही. तरी विनंती, की आपण रविवारी सकाळी दहा वाजता कार्यक्रमास यावे आणि हे पाणी कोणीही पिऊ नये असे आपल्या अधिकाराने जाहीर करावे. पुरावा म्हणून मी शेजारी उभा राहीन. मला चारचौघांत बोलता येत नाही, परंतु उभे राहता येते. कोणास जवळून पाहायचे असल्यास टोपीही काढीन. टोपीखालचा भाग पूर्वीच्याच रंगाचा आहे, तुलनेस उपयोगी पडेल. खोटी ओळ घातल्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य आहे. फक्त ती मुलांच्या वाट्या परत गेल्यावर व्हावी.

तीन महिन्यांच्या मौनाबद्दल क्षमा मागून,

आपला उशीर केलेला, नम्र,
चिं. वि. थत्ते
(सही)

सोबत :
(१) मिरजेच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
(२) दोन्ही प्रतींमधील त्या पानाच्या झेरॉक्स.
(३) माझे छायाचित्र, या महिन्यातील. स्टुडिओवाल्याने न सांगता मला गोरे केले आहे, म्हणून ग्राह्य धरू नये.
(४) माझे दुसरे छायाचित्र, गोदावरीने स्टुडिओवाल्याच्या मागे उभे राहून काढून घेतलेले. हे ग्राह्य आहे.

ता. क. : हे पोस्टाच्या खिडकीपाशी उभा राहून लिहीत आहे. मी पाकीट पुन्हा घरी आणू नये म्हणून गोदावरी सोबत आली आहे. आमच्या मागेच सुभेदार माने वर्धापनदिनाची निमंत्रणे घेऊन रांगेत आहेत. त्यांनी विचारले, "काय चिंतामणराव, कुणाला एवढं जाड पत्र?" नेहमीप्रमाणे मी पाकीट छातीशी धरले, आणि मग पत्त्याची बाजू त्यांच्याकडे केली. ते पाकिटावरील "तालुका आरोग्य अधिकारी" हे पद मोठ्याने वाचत आहेत. रांगेतील सर्वांनी ऐकले. गोदावरी म्हणते, आता पुरे, डिंक लावा. लावतो.