पाच बोटांची खूण

प्रिय रकान,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कुठल्या शब्दाने करायला आईने आपल्याला शिकवलेलं नाही, तेव्हा वाचून फार फुगू नकोस. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर तू माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेत नाहीस, लगेच ‘अगं पण आधी त्यानेच’ सुरू होतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

अकाबाला मित्राच्या घरी, समुद्राचा वारा खात तू सगळ्यांना सांगतोयस म्हणे, की एका म्हाताऱ्याने भर चौकात माझ्या बहिणीसमोर मला धमकीचे हातवारे केले, मग मी काय हातात बांगड्या भरल्या होत्या? बांगड्या मी भरते, रकान. बांगड्या भरलेल्या हातांनीच तुझ्यामागे त्याच्या गाडीच्या फुटक्या काचा गोळा केल्या. तू तर गाडी तशीच रस्त्यात सोडून पळालास. माझ्या अब्रूचं निमित्त पुढे करू नकोस. मी तुला माझी अब्रू राखायला सांगितलंच नव्हतं, मावशीकडे कुनाफ्याची मिठाई पोचवायला सांगितलं होतं.

बाबांचं सांगते, कारण तू विचारलं नाहीस. तीन आठवड्यांमागच्या शुक्रवारी थोरले काका, बाबा आणि घराण्यातली दाढी पिकलेली सगळी मंडळी त्या म्हाताऱ्याच्या, अबू आयिदच्या घरी समेटाला गेली. कडू कॉफी आली. काकांनी रीतीप्रमाणे कप समोर ठेवला, तोंडाला लावला नाही. यजमानाने ‘प्या’ म्हणायचं आणि आपण माफी मिळाली असं समजायचं. अबू आयिद म्हणालाच नाही. मोडलेला हात गळ्यात बांधून बसला होता. म्हणाला, ‘मला मारणारा कुठाय? तुम्ही थोडंच मारलंत मला, तुम्हांला कशाची माफी देऊ?’ कॉफी थंड झाली आणि सगळे उठले. दुसऱ्यांच्या भांडणांत आपले बाबा किती वेळा अशा कपापुढे बसले असतील, पण त्यांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी दुकान उघडलेलं नाही. मशिदीतही मागच्या दाराने जातात.

मला कोडं पडतं ते वेगळंच. बेकरीत रांग मोडून कुणी तुझ्यापुढे घुसला तर तू हसून म्हणतोस, ‘घ्या काका, तुमच्या पोटात कावळे ओरडत असतील.’ लग्नात कुणी तुझ्या नव्या बुटांवर पाय दिला तरी तूच माफी मागतोस. तोच तू गाडीत बसलास की अंगात सैतान संचारतो. मी खूप विचार केला. बेकरीत तुला समोरच्याचं तोंड दिसतं. रस्त्यावर नुसता पत्रा दिसतो, आणि त्या पत्र्याच्या आत बसलेला प्रत्येक माणूस सकाळी उठून फक्त तुझा अपमान करायलाच घराबाहेर पडला आहे, असं तुला वाटतं. एवढं महत्त्व तुला कोण देतंय रे? लोकांना त्यांचे व्याप काय कमी आहेत?

आता त्या दिवसाचं. बारावीचा निकाल लागलेला, सगळं अम्मान हॉर्न वाजवत रस्त्यावर उतरलेलं, मावशीचा मुलगा पास झालेला. कुनाफ्याचं तबक माझ्या मांडीवर, माझी जूद मागच्या सीटवर. सुवेलेहच्या चौकापासून ती पांढरी गाडी आपल्या मागे लागली, आठवतं? हॉर्न, दिवे, पुन्हा हॉर्न. तू म्हणालास, ‘याच्या बापाचा रस्ता आहे का?’ आणि मुद्दाम त्याच्या पुढे आडवातिडवा जायला लागलास. मग तो शेजारी आला आणि त्याने खिडकीतून हात बाहेर काढून पाचही बोटं जुळवून वर धरली. तू म्हणालास, ‘थांब, बघतो तुला, म्हणतोय! मला!’ सीटखालचा दांडका काढून तू उतरलास. तेव्हा कुठे मी मागे वळून पाहिलं आणि ‘दार! दार!’ म्हणून घसा फोडायला लागले. तुला वाटलं, मी तुला दार लावून आत बसायला सांगतेय. तुझ्या दाराचं नव्हते रे सांगत. जूदच्या बाजूचं दार अर्धवट लागलेलं होतं. चौकात तू वळवलीस तेव्हा ते उघडलं आणि माझी पोर दाराच्या कडीला लोंबकळत होती; तू करकचून थांबवलीस तेव्हा तिची एक चप्पल रस्त्यावर पडली. हे त्या सगळ्या पत्र्यांच्या गर्दीत एकाच माणसाने पाहिलं. त्याच माणसाचं मनगट तू मोडलंस.

जुळवलेली पाच बोटं झटक्याने हलवली तर ‘थांब, दाखवतो’. सावकाश वरखाली केली तर ‘जरा दमानं, बाबा’. हे आपल्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं. तुला कळलं नाही, कारण तू भांडणच शोधत होतास.

समेट फिसकटल्यावर मी जूदला घेऊन एकटीच त्यांच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, उम्म आयिदने दार उघडलं, मला नखशिखान्त पाहिलं आणि आतून जूदची चप्पल आणून दिली. मोडक्या हातानेच म्हाताऱ्याने ती रस्त्यावरून उचलली होती. तो काही संतमहात्मा नाही हं. मला पाहताच म्हणाला, ‘गाडी चालवणारा हात तुझ्या भावाने मोडला, पोरं कामावर जातात, आता दवाखान्यात मला तूच ने.’ तेव्हापासून मी नेते, आपल्याच गाडीतून. माझ्या ज्या चालवण्याला तू ‘कासवाची वरात’ म्हणतोस, त्याच चालवण्याने. तो शेजारी बसून अख्ख्या शहराला शिव्या घालतो, पण काच खाली करत नाही. एकदा एक पिकअपवाला आमच्या अंगावर आला. माझं डोकं फिरलं, हात हॉर्नवर गेला. म्हातारा म्हणाला, ‘चुकलेल्या भावासाठी सत्तर सबबी शोधाव्यात म्हणतात. चल, सांग.’ मी म्हटलं, बायको बाळंत होत असेल. तो म्हणाला, ‘नाहीतर पोट बिघडलं असेल गाढवाचं.’ तोवर पिकअप दिसेनासा झाला आणि माझा हातही खाली आला. मग मी धीर करून विचारलं, ‘आणि माझ्या भावासाठी?’ त्याने डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली. मग म्हणाला, ‘दोन सापडल्या. तिसऱ्या सबबीवर अडलोय. पुढच्या त्याने स्वतः येऊन सांगाव्यात.’ मला विचारशील, तर मला अजून एकही सापडलेली नाही.

तुझा दांडका मी गच्चीतल्या टोमॅटोला आधार म्हणून खोचला. म्हटलं, कशाच्या तरी कामी येऊ दे.

एवढं सगळं होऊनही मी पत्र लिहिणार नव्हते. तू अकाबात मासे खात बस, कोर्ट तुला शोधून काढेल, असंच ठरवलं होतं. पण काल जूद गच्चीत तीनचाकी सायकल फिरवत होती. शेजारची ताला मागून आली, तिने घंटी वाजवली. जूद उतरली, टोमॅटोच्या कुंडीतला तोच दांडका उपसला आणि तालाच्या तोंडावर मारला. मी धावले तेव्हा तालाचा ओठ फाटला होता. जूद रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. मी तिला गदागदा हलवून विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, ‘आम्ही मामा-मामा खेळतोय.’ समेटासाठी काकांनी मागून घेतलेली मुदत येत्या शुक्रवारी संपते, रकान. ये. बसने ये, गाडीने येऊ नकोस. कप तुझ्यापुढे ठेवतील. म्हातारा ‘प्या’ म्हणेपर्यंत त्याला हात लावू नकोस, आणि तुझ्या तोंडून ‘पण आधी त्यानेच’ निघता कामा नये. तो तुला ताटकळत ठेवेल. कदाचित डाव्या हाताची पाच बोटं जुळवून वर धरेल. त्याचा अर्थ आता तुला ठाऊक आहे. जूदला मी तुझ्या शेजारी बसवणार आहे. मामाचा हाही खेळ तिने पाहायला हवा.

तुझीच, निदान शुक्रवारपर्यंत तरी,
सुहैर