हप्त्यावरचं कानाचं मशीन

सेक्टर ६, भिलाई
८ जून २०२५

ती. पंचफुला आत्यास,
मृणालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला काहीच ऐकू येत नाही आणि तू चिडून ठेवून देतेस, म्हणून पत्रच लिहिते आहे.

बाबा डिसेंबरात स्टील प्लांटमधून रिटायर होतील, मग हे क्वार्टर सोडावं लागेल. रिसालीत दोन खोल्यांचं घर पाहिलं आहे. अंगणात पेरू आहे. बाबांनी घर कमी आणि झाडच जास्त पाहिलं. मालक नोव्हेंबरपर्यंत थांबतो म्हणाला. कर्ज माझ्या शाळेच्या पगारावर काढायचं, पण बँकेच्या मॅडमनी माझा क्रेडिट स्कोर पाहून तोंडच वाकडं केलं. सहाशे बासष्ट! साडेसातशेच्या वर पाहिजे म्हणे.

दोष माझाच. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून एक लाख तीस हजार बाकी आहेत. बिलावर कमीत कमी भरायची रक्कम छापलेली असते, मी तेवढीच भरायची आणि वाटायचं, चलो, हो गया. व्याज चढत गेलं, दोनदा तारीखही चुकली. बाकी चाळीस हजारांच्या खाली आणा, तारीख चुकवू नका, मग दिवाळीनंतर या, असं मॅडमनी सांगितलं. महिन्याला सतरा हजार भरणार आहे, संध्याकाळी ट्यूशन घेते. जमेल ना गं?

लोभ आहेच, थोडी हिंमतही पाठव.
तुझी मृणाल

गोंदिया
१७ जून

चि. मृणालले अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी कपाळालेच हात लावला. एवढा पैसा उडवला कशावर वो पोरी? तुह्या बापानं उभ्या जन्मात उधारीचा चहा नाई पेला! ते कार्डं कैचीनं काप अन् शिवनाथ नदीत फेकून दे. मले पैशापैशाचा हिशोब पाहिजे.

माह्याकडून शीक जरा. प्लांटकडून फुकट भेटलेलं कानाचं मशीनसुद्धा मी साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं हाये. लग्नकार्यात घालीन. रोज घालून जुनं कावून करू?

माया हाये म्हनून बोलते, राग नको मानू.
तुही आत्या

भिलाई
२९ जून

ती. बाईस,
धाकट्या भावाचा, शेषरावचा, सा. न. वि. वि.

मृणालनं सांगू नका म्हटलं होतं, पण तुझं पत्र वाचून पोरगी त्या दिवशी जेवलीच नाही, म्हणून लिहितो. प्लांटकडून मशीन वगैरे काही भेटलं नाही. मागच्या साली ती गोंदियाला आली होती, तेव्हा तिनंच बावन्न हजाराचं मशीन कार्डावर घेतलं. बाकी तिची बीएडची फी अन् स्कूटी. विकतचं म्हटलं असतं तर तू हातही लावला नसता, म्हणून फुकटचं सांगायची युक्ती मी काढली. रागवायचं तर माझ्यावर रागव. अन् कार्ड कापायचं नाही. जुनं कार्ड चालू राहू द्या, फक्त त्यावर बाकी नको, असं मॅडम म्हणाल्या.

धाकट्यावर कृपा ठेव.
तुझा शेषराव

गोंदिया
१२ जुलै

चि. मृणालले आशीर्वाद.

तुह्या बापाचं पत्र आलं तशी मी डबा घेऊन, त्याच्यावर नाव हाये त्या दुकानात गेली. म्हटलं, कोरं करकरीत हाये, एकदाई घातलं नाई, वापस घे अन् पोरीचे पैसे दे. दुकानदार म्हने, साल उलटलं, आता वापस होत नाई. मी लय भांडली. मंग त्यानं नवा सेल टाकला अन् पाहाले म्हनून माह्या कानात बसवलं.

काय सांगू बाप्पा! त्याचा पंखा कुरकुर करून राहिला होता. मी हात हलवला तं माह्या बांगड्या वाजल्या. सात साल झाले, मले माह्याच बांगड्या ऐकू येत नोत्या. मी तिथंच स्टुलावर बसून रडली. एवढं चांगलं मशीन मी साडीत गुंडाळून ठेवलं, अन् तुलेच अक्कल शिकवत होती! चुकलं माहं.

पोस्टातली आरडी मोडली. पंचवीस हजार तुह्या खात्यात टाकले. वापस पाठवशील तं मले आत्या म्हनू नको. दुकानदारानं रोज एक घंटा मशीन घालाले सांगितलं. फोनवर मात्र नुसती शिट्टी वाजते, त्याचं भेव वाटते.

तू तारीख चुकवू नको, मी घंटा चुकवत नाई.
तुही आत्या

भिलाई
८ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

सातशे एकसष्ट! दोन्ही कार्डं मिळून फक्त अडतीस हजार बाकी. पाचही महिने तारखा पाळल्या. मॅडमनी फाइल घेतली आणि या वेळी चहापण पाजला. बाबा रोज सायकलवर रिसालीला जाऊन पेरू मोजून येतात, मालकही हसतो. दोन आठवड्यांत मंजुरीचं कळेल. मला झोप नाही आत्या. कळलं की लगेच पत्र टाकते.

तुझ्या आरडीची आठवण ठेवणारी,
मृणाल

गोंदिया
१४ नोव्हेंबर

चि. मृणालले आशीर्वाद.

पत्र टाकू नको. एका घंट्याचे दोन झाले, आता मी दिवसभर मशीन घालते. काल शेजारच्या शालूनं तिच्या घरून मले फोन लावला. फोन कानापासून जरा दूर धरला तं शिट्टी वाजली नाई. भाजी काय केली ते विचारलं, अन् मी बरोबर सांगितलं!

म्हनून मंजुरी आली का फोनच लावजो. सात साल तुहा आवाज मी नीट ऐकला नाई, ते बातमी मले तुह्या तोंडून ऐकाची हाये. सावकाश बोलजो, दोनदा सांगजो.

अन् मंजुरी नाई आली, तरी लावजो.

तुही आत्या,
पंचफुला