पाणबुडीत गेलेल्या उशा

लेओ,

सगळ्यात आधी आली ती शेजारची जेनोविफ. "अगं, तुझ्या पोराची गाडी धक्क्यावर, त्या म्युझियमच्या पाणबुडीपाशी उभी आहे!" मी म्हटलं, "माझा लेओ एवढ्या वर्षांनी गावात आला तर आधी माझ्याकडे येईल. चष्मा पूस तुझा."

आणि आलासच की टेसाला घेऊन! नातीला बघून मला काय करू नि काय नको असं झालं. खसखशीचा केक कापला, वरच्या खोलीत पलंग घातला. तर पोरगी म्हणते, "आजी, आम्ही रात्री पाणबुडीत झोपणार! टॉर्पिडोच्या वर! पण बाबा उशा विसरला, म्हणून आलो."

तू केकच बघत राहिलास. "तिकिटं काढलीत गं आई. रविवारी उशा घेऊन येतो, मग राहतो."

घातलेल्या पलंगावरच्याच उशा दिल्या.

सोमवारी त्या उशा जेनोविफनं आणल्या. तिकीट खिडकीवर ठेवून गेलास म्हणे, आईला पोचवा असं सांगून. अभ्र्यांना डिझेलचा वास येतोय. टेसाचा मी धुतलेला नाही.

हे पत्र टाकणार नाही, त्याच अभ्र्यात ठेवते. रविवारी म्हणालास. कोणत्या, ते मी विचारलंच नाही.

धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारी,
तुझी आई