थोडं सुकू दे

अब्बा,

महाळुंग्यात आमच्या खोलीत नळ आलाय. अम्मीच्या डोक्यावरचा हंडा सुटला. आपलं गाव ज्या धरणात बुडालं, त्याच धरणाचं हे पाणी. सकाळी पाणी यायच्या आधी नळात हवा खोकते, अगदी तुमच्यासारखी. अम्मी कान लावून तिथेच उभी राहते.

यंदा मे महिन्यात धरण इतकं उतरलं की गावचं कब्रस्तान उघडं पडलं. आम्ही दोघी गेलो. रिवाजाप्रमाणे तुमच्या कबरीवर पाणी शिंपडायला अम्मीने बाटली उघडली आणि तशीच बंद केली. म्हणाली, "नको. थोडं सुकू दे त्यांना."

इकडे पाणीकपातीमुळे तुमच्या जावयांच्या, अफताबच्या, कंपनीत एक शिफ्ट बंद झालीय. आता त्यांच्यावर घरी बसायची पाळी कधी येईल सांगता येत नाही. काल मशिदीत पावसासाठी खास नमाज झाली. आम्हा बायकांनी घरातच दुआ मागितली. मीही अफताबसाठी पाऊस मागायला हात उचलले. आमीन म्हणायच्या आधी अम्मीने माझे हात हळूच खाली केले.

"थोडे दिवस थांब, बेटा."

मी थांबले, अब्बा.

तुमची,
नबीला